रॉटरडॅमला निघालेला हुकूम

माझं डोकं मुळातच तापट. त्यात सोमवारी रॉटरडॅमला निघायचं होतं. आमची आणि दुसरी एक कंपनी मिळून एकच झाली, असा ट्रिब्युनलचा हुकूम घेऊन मीच जाणार होते आणि तिथल्या नव्या ऑफिसात दोन वर्षं राहणार होते. तिकडे कागद दाखवायची मुदत गुरुवारपर्यंत. "मुदत चुकली तर तिकडचाच माणूस घेणार हं, ऋतिका," असं आमच्या ठाण्याच्या ऑफिसातल्या सलिल सरांनी तोंडावर सांगितलेलं.

त्या हुकुमापायी मी किती चपला झिजवल्या ते माझं मलाच ठाऊक. नोटरी, मग मंत्रालय, मग परराष्ट्र खात्याचा अपोस्टिल. म्हणजे मागच्या पानावर एक शिक्का चिकटवतात, तो असला की आपला कागद परदेशात खरा धरतात. "मॅडम, एक पिन जरी काढली ना, सगळं बाद. पुन्हा पहिल्यापासून," एजंटचं हे पालुपद ऐकून माझे कान किटलेले.

शनिवारी संध्याकाळी कागद हातात पडले. ऑफिस बंद, म्हणून कल्याणजवळच्या मोहने गावातल्या आमच्या घरी आणून कपाटात ठेवले. घरात मी आणि बाबा. आई गेल्यापासून दोघंच. बाबांना एकच खूळ, महत्त्वाचा कागद दिसला की लॅमिनेट. माझी मार्कशीट, आईचं रेशनकार्ड, दीक्षाभूमीवरचा फोटो, सगळं चकाचक.

रविवारी मी कल्याणला बॅग घ्यायला गेलेले. परत येऊन बघते तर हुकूम टेबलावर पसरलेला. एकेक पान सुटं करून प्लास्टिकमध्ये घातलेलं. शिक्क्याचं पानसुद्धा!

"बाबा! हे काय करून ठेवलं तुम्ही?"

"अगं, विमानात पाणीबिणी सांडलं तर?"

आईशप्पथ, मी इतकी किंचाळले की शेजारच्या शेवंतीकाकू दारात आल्या. त्यांना कसंबसं परत पाठवलं. "आणि तो झेरॉक्सवाला कमलेश? त्याने काही न बोलता करून दिलं?"

"नाही ना. तो म्हणाला, काका, सरकारी शिक्का आहे, पिन काढली तर बाद होईल. आधी पोरीला विचारा."

"मग?"

"मग मी म्हटलं, तू काढ."

बाबांनी मान खाली घातली.

"दोन वर्षं म्हणजे लय झाली गं, ऋतिका."

इतका राग आला की हातातली बॅग त्यांच्या अंगावर फेकावी. आणि त्यांना जवळ घेऊन रडावंसंही वाटलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी आपली खुर्चीत बसून राहिले.

तेवढ्यात सरांचा फोन. "कागद नीट आहेत ना?"

बाबा माझ्याकडे बघत होते.

"सर, माझ्याकडून चूक झाली. मी लॅमिनेट केले."

पलीकडून जे काही ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. शेवटी म्हणाले, "तिकडचा माणूस घेतो. तू उद्यापासून नेहमीसारखी ऑफिसला ये."

फोन ठेवला. बाबा उठून स्वयंपाकघरात गेले. डबे वाजले, परातीचा आवाज आला.

"उद्या डब्याला काय देऊ गं?" आतून विचारलं. "भाकरी का चपाती?"

मी म्हटलं, "चपाती."