आळशीचे पराग

डीप फ्रीझर साफ करायचं काम कुणालाच नको असतं, म्हणून ते दर वर्षी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांत जुन्या बाईंच्या, म्हणजे तिच्याच गळ्यात पडायचं. यंदा तळाच्या खणात बर्फाला चिकटलेली एक कुपी सापडली. चिठ्ठीवर तिचंच अक्षर: ‘बाबांचा आळशी’. खाली नऊ वर्षांपूर्वीची तारीख.

आळशी म्हणजे चेरीचं झाड. बाबांच्या बागेत अकरा झाडं गोड फळांची, एकाच जातीची, आणि हे बारावं, वाटाण्याएवढी आंबट फळं धरणारं. “नुसता खातो आणि झोपतो,” असं म्हणून बाबा त्याला चिडवायचे. पण त्याला काम होतं. त्या अकरा झाडांना आपल्याच जातीचा पराग चालत नसे, दुसऱ्या जातीचा लागे, आणि तो पुरवायचा आळशीने.

एका वर्षी फळ फारच कमी धरलं. पुढच्या बहराला बाबा आळशीच्या कळ्या डबाभर घेऊन आले. “आता तू मोठी साहेबीण. बघ बरं, याच्या परागात जीव आहे का.”

नोकरीचं तिचं पहिलंच वर्ष, अंगात उत्साह नको तेवढा. तिने पराग वाळवून गोठवले, आठवड्याने बाहेर काढले आणि थेट साखरेच्या जेलवर पेरले. जिवंत पराग तिथे काही तासांत बारीक नळी काढतो. एकानेही काढली नाही. “मेलाय तो, बाबा,” तिने ठणकावून सांगितलं. बाबांनी झाड तोडलं.

गोठवलेल्या परागाला आधी ओला कागद घातलेल्या डब्यात तास-दोन तास ओल धरू द्यावी लागते, नाहीतर जेलवर तो फुटतो. हे ती नंतर शिकली. मग नव्या लोकांना शिकवू लागली, विसरणाऱ्यांवर डाफरू लागली. आपल्या त्या पहिल्या प्रयोगाची आठवण मात्र इतक्या वर्षांत एकदाही झाली नाही. आता कुपी हातात धरून तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

तिने डब्यात ओला कागद घातला, दोन तासांचा गजर लावला, मग पराग जेलच्या बशीत पेरले. दुपारी मायक्रोस्कोपला डोळा लावला तर नळ्याच नळ्या. शंभरात एकोणचाळीस. तिचा विश्वास बसेना. नियमाप्रमाणे तिने पराग पेरून दुसरी बशी केली, मग तिसरी. आकडा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच बाबांकडे गेली. मागच्या बागेत अकराही झाडं फुलली होती. आळशीच्या जागी लावलेलं नवं झाड पंधरा दिवस उशिरा फुलायचं, त्याचा कुणाला उपयोग नव्हता.

“बाबा, आळशी जिवंत होता. चूक माझी होती.”

बाबा खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. “माहीत आहे.”

“कधीपासून?”

“तोडला त्याच्या दुसऱ्या वर्षी. एकसुद्धा फळ टिकलं नाही, तेव्हा.”

“तुम्ही तर दर वर्षी थंडीला दोष द्यायचात!”

“मग काय करू? पोरीची नवी नोकरी. आधीच धास्तावलेली असायचीस.”

तिला रडू आवरेना. बाबांना ते बघवलं नाही. ते उठले, कपाटातून रंगकामाचा जुना, बारीक केसांचा ब्रश शोधून आणला आणि सदऱ्याला पुसला. इतक्या वर्षांत तिने त्यांना एवढ्या लगबगीने चालताना पाहिलं नव्हतं.

“रडतेस कशाला? जिवंत आहे म्हणालीस ना? चल. फुलं अजून दोन दिवस टिकतील. एका झाडाला पुरला तरी पुष्कळ झालं. कुपी आणलीस का?”

तिने पर्समधून कुपी काढून त्यांच्या हातावर ठेवली. बाबांनी ती उजेडात धरली, बोटावर उलटी करून टिचकी मारली, पुन्हा मारली. काहीच पडलं नाही.

“तीन बशा केल्या मी, बाबा,” ती म्हणाली. “खात्री करायची होती.”