दुपारचं दूध

अंबरनाथच्या फॅक्टरी क्वार्टरांत उमाला 'उकळबाई' म्हणत. नाव शेजारच्या राजाबाईनं ठेवलेलं, आणि ते तोंडावर घ्यायलाही तिला काही वाटत नसे.

"काय उकळबाई, आज नवऱ्याला उकळून पाठवलंत की कच्चाच गेला कामावर?"

उमाला हसू येत नसे. पुण्याला बी.एस्सी. करताना ती जंतुशास्त्र शिकली होती. दुधाच्या एका थेंबात काय काय वळवळतं, ते तिनं काचेखाली पाहिलं होतं. लेक मीनल दोन महिन्यांची असतानाच विषमज्वरानं उमाचं अंगावरचं दूध आटलं, तेव्हापासून पोरीचं पोट वरच्या दुधावर. म्हणून वाटी, चमचा, गाळायचं फडकं, सगळं खदखदत्या पाण्यातून निघे. रबरी बोंडीची बाटली तर तिनं घरात येऊच दिली नव्हती.

तरी मीनल उलट्या करू लागली.

वैशाखाचे दिवस. दुपारचं दूध पाजलं की संध्याकाळच्या आत भडाभडा ओकायची. मग जुलाब, मग नुसती पडून राहायची. सकाळी जरा तरतरी यायची, तोंड उघडून वाटीकडे झेपावायची, की दुपारी पुन्हा तेच.

संशय आधी कोंडाजीवर गेला. तो शिरगावाहून चरव्या भरून दूध घेऊन येई. उमानं त्याला चार बायकांदेखत दारात उभं केलं.

"आचळं धुता का कधी? की शेणाच्या हातांनीच पिळता?"

"बाय, आख्खी लाईन माजं दूध पिते. या राजाबायची चार पोरां पितात. त्यांना का नाय व्हत काय?"

"त्यांचं त्यांना. आमच्याकडे उद्यापासून येऊ नका."

कोंडाजीनं चरवीवरचं झाकण दाबून बसवलं नि निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून निम्म्या लाईनीनं त्याचं दूध बंद केलं. उमाचा नवरा श्यामकांत पहाटे सायकल मारत निर्वासितांच्या कॅम्प दोनमध्ये जाऊ लागला, सिंध्याच्या डेअरीतून दूध आणायला.

उलट्या थांबल्या नाहीत. उमानं पातेलं बदललं, चमचा बदलला, विहिरीचं पाणी सोडून नळाचं धरलं. सासूबाईंना ती दुधाच्या आसपास फिरकू देईना. माई बिचाऱ्या उंबऱ्यातूनच बोलायच्या.

"तुझं शास्त्र मला कळत नाही गं. पण सकाळचं दूध तिला पचतं. दुपारचंच बाधतं."

"दुपारचं तर दोनदा उकळलेलं असतं, माई! सकाळी एकदा नि पाजायच्या आधी पुन्हा. त्यात जंतू जगेलच कसा?"

"मग मी मेली कशाला बोलते," म्हणत माई देवघराकडे वळल्या.

एका सकाळी मीनलची टाळू खोल गेलेली दिसली. चिमटा काढला तर कातडी तशीच उभी राहिली. श्यामकांतनं तिला पंच्यात गुंडाळून दवाखान्यात पळवलं, मागोमाग उमा नि माई. डॉक्टरांनी दोन्ही मांड्यांत सुया घालून सलाइन लावलं.

"वरचं दूध कोण पाजतं?" त्यांनी विचारलं.

"मीच. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

"कसं पाजता?"

परीक्षेत विचारावं तसं उमानं सांगायला घेतलं. "उकळते. निवायला ठेवते. कोमट झालं का ते बोट बुडवून बघते. मग थोडं पाजते, उरलेलं दुपारसाठी झाकून..."

ती थांबली.

उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला तिला नखुरडं झालं होतं. कड सुजून पिवळी पडली होती. माईंनी हळदीची चिंधी बांधली, तर चिंधी घाणेरडी म्हणून तिनंच सोडली होती. साबणानं हात खसखसून धुवायची नि बोट बुडवायची. तिची आई तसंच बघायची, सगळ्यांच्या आया तसंच बघतात.

पुवातले ते जंतूही तिनं काचेखाली पाहिले होते, द्राक्षाच्या घडासारखे. सकाळी पडतात ते मूठभर. उन्हाच्या काहिलीत जाळीच्या कपाटात दुपारपर्यंत बेसुमार होतात. दुपारी उकळलं की मरतात, पण त्यांनी आधी ओकून ठेवलेलं विष मरत नाही. पेपरात तिनं हे लिहिलं होतं, पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. गवळी बदलला, भांडी बदलली, पाणी बदललं. बोट तेवढं तेच राहिलं.

"मी घातलं," ती म्हणाली. "डॉक्टर, मीच घातलं तिला."

"कारण मागाहून बघू, बाई. आधी अंगात पाणी टिकू द्या."

माईंनी साखर-मिठाचं पाणी चमच्यात घेतलं. मीनलनं ओठ घट्ट मिटून घेतले.

"तू दे गं. तुझ्याच हातचं घेते ती. सवयच तशी लावलीस ना?"

उमानं दोन्ही हात पाठीमागे धरले. "मी नाही. मी तिला शिवणार नाही."

"वेड लागलंय का?" श्यामकांत ओरडला. "पोरगी कोरडी पडलीय नि तू सोवळं पाळतेस?"

मीनलनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. आईकडे हात उचलायला गेली, तो अर्ध्यातच खाली पडला. तेव्हा उमा पुढे झाली. डाव्या हातात चमचा धरला. ओठ उघडले, पाणी आत गेलं, गालातच साठून राहिलं. उमानं हनुवटीखाली बोटानं चोळलं. मग ते पाणी सावकाश बाहेर ओघळलं.

डॉक्टरांनी मनगट धरून पाहिलं, छातीला नळी लावली. मग मांड्यांतल्या सुया काढायला घेतल्या.

"काढू नका ना," उमा म्हणाली. "अर्धी बाटली तशीच आहे अजून."