एकही नक्कल नाही

मतदारांना फोटोची ओळखपत्रं द्यायची ठरली आणि त्या कामासाठी जिल्ह्यात मान्यताप्राप्त माणसं नेमायला सुरुवात झाली, तेव्हा श्रीरामपुरात कॉम्प्युटरचा क्लास चालवणाऱ्या भारतीनंही अर्ज टाकला. नियम कडक होते. कॉम्प्युटर, कॅमेरा, जनरेटर स्वतःचा हवा. आधी एका गावात चाचणी द्यायची. घेतलेले फोटो, नावं, पत्ते सगळं फ्लॉपीवर भरून तहसीलच्या ताब्यात द्यायचं आणि आपल्याजवळ एकही नक्कल ठेवायची नाही. हे पाळलं तरच मान्यता.

तिचे वडील भीमराज साखर कारखान्यात फिटर होते. लेकीला त्यांनी हट्टानं पुण्याला शिकायला धाडलं होतं, पण त्या यंत्रात नेमकं काय चालतं हे त्यांना कधी धड उमगलं नव्हतं. चाचणीच्या दिवशी त्यांनी रजा टाकली, टेम्पोत जनरेटर चढवला आणि लेकीबरोबर सोनईजवळच्या एका गावी गेले.

शाळेच्या खोलीत सामान मांडून झालं, पण बायका दारातच घोळका करून उभ्या. परक्या पुरुषांसमोर पदर मागं सारायचा कसा? भारतीनं खिडक्यांना चादरी लावल्या आणि सगळ्या पुरुषांना, अगदी वडिलांनाही, बाहेर काढलं. मग गावचे पुढारी आप्पासाहेब यांची म्हातारी आई बनुबाई काठी टेकत आत गेली. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, "अगं बया, म्या अशी दिसते व्हय?"

बायकांत हशा पिकला आणि रांग लागली.

दुपारी लाईट गेली. भीमराजांनी जनरेटर सुरू केला, काम पुढं चालू झालं. व्हरांड्यात बसून पाहणी करणारे नायब तहसीलदार समाधानानं हसले.

दिवस कलला. साहेब तोंड धुवायला हातपंपावर गेले, तेवढ्यात आप्पासाहेब भारतीजवळ आले.

"काम झ्याक केलंस, पोरी. आता त्या फ्लॉपीची एक नक्कल आमाला दे. निवडनूक जवळ आली हाय, समद्यांचे चेहरे हाताशी असले म्हंजे बरं. तुज्या मान्यतेचं मी वर बोलतो."

भीमराजांचं लहानपण ह्याच भागात गेलेलं. आप्पासाहेबांच्या घरासमोरून जाताना त्यांचे वडील पायातलं काढून हातात घ्यायचे. 'देऊन टाक' हे शब्द त्यांच्या ओठांवर आले होते.

"नक्कल मिळणार नाही, आप्पासाहेब," भारती म्हणाली.

"कुनाला कळतंय?"

"ह्यात तुमच्या आईचा फोटो आहे, घरातल्या सगळ्या बायकांचे आहेत. माझ्या भरवशावर त्यांनी पदर मागं घेतला. उद्या तुमच्या विरोधातला कुणी मागायला आला, तर त्यालाही देऊ?"

आप्पासाहेबांनी मान वळवली. "भीमराज, लेकीला समजाव जरा."

भीमराजांनी लेकीकडं पाहिलं. ती खाली बघत नव्हती. मग तेही ताठ उभे राहिले.

"आप्पासाहेब, ती बरोबर बोलतीय. न्हाई मिळायची."

असं त्या घराशी त्यांच्या कुळातलं कुणी आजवर बोललं नव्हतं.

कुणी काही बोलायच्या आत पायरीवर बसलेली बनुबाई कडाडली, "आप्पा, घरी चल! म्या माजं थोबाड तिला गावभर वाटाया दिलं न्हाई."

आप्पासाहेब ओशाळून हसले. एवढ्यात साहेब परतले, काही अडचण आली का म्हणून त्यांनी विचारलं. भारतीनं झालेलं आप्पासाहेबांसमोरच सांगितलं. फ्लॉपींना सील लागलं. कॉम्प्युटरमध्ये उरलेलं तिनं साहेबांच्या डोळ्यांदेखत पुसून टाकलं. निघताना आप्पासाहेबांनीच जनरेटरला हात लावून तो टेम्पोत चढवला.

पुढं मान्यता आली. कारखान्यात सगळे भीमराजांभोवती गोळा झाले.

"पोरगी सरकारी झाली म्हना की!" त्यांच्या जोडीचा फिटर कारभारी म्हणाला.

"सरकारी न्हाई रं," भीमराज म्हणाले, "लोकांनी आपले चेहरे तिच्या हवाली केले." आणि ऊस गाळणाऱ्या यंत्रांच्या घरघराटात, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून ओरडून ओरडून, त्यांनी त्या दिवसाची सगळी हकिगत पहिल्यापासून सांगायला घेतली.