उजवं चाक

ब्रेकवर पाय पडला आणि मिस्त्रीच्या हातातलं स्टेअरिंग थडथडायला लागलं. शेजारी बसलेल्या दादाने मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. हौद्यात दांडी धरून त्याचा धाकटा भाऊ उभा होता.

"बघितलंत? चौदा वर्षं माझ्या हाताखाली होती ही पिकअप, कधी शिंकली नाही. याच्या हाती दिली आणि चार महिन्यांत हिला हीव भरलं!"

मिस्त्रीने गाडी पुन्हा पळवली. या खेपेला ब्रेकला हात न लावता... म्हणजे पाय न लावता, त्याने मागच्या चाकांना धरणारा हँडब्रेक हळूहळू ओढला. गाडी गुणी लेकरासारखी थांबली.

"मागची चाकं ठीक आहेत. दुखणं पुढं आहे."

"दुखणं चालवणाऱ्यात आहे, मिस्त्री. तुम्ही फक्त तसं तोंडाने सांगा."

तेवढंच ऐकायला दादा आला होता. धाकटा रोपवाटिकेची रोपं घरोघर पोचवायचा. गिऱ्हाईक त्याने एकेक करून जोडलं होतं. पण गाडी त्यानेच बिघडवली असं ठरलं, तर ती आज संध्याकाळी विकली जाणार होती. त्याच्याकडची चावी दादाने सकाळीच मागून घेतली होती. लाल दोऱ्याची ती चावी आता दादाच्या खिशात होती; मिस्त्रीला त्याने आपल्याकडची दुसरी दिली होती.

संशय एकदा घरात शिरला की त्याला बसा म्हणावं लागत नाही. डिझेल इतकं कसं जळलं, आरसा कुणी हलवला, सीटवर माती कुठली, दादाचं रोजचं पारायण चालायचं. परक्याच्या हाताचं तर त्याला काहीच पटत नसे. महिन्यापूर्वी पंक्चरवाल्याने पुढची दोन्ही चाकं काढून बसवली, तेव्हापासून तर रोज सकाळी पान्याला हातभर पाइप अडकवून तो स्वतः नट आवळायचा. हल्ली लोकांच्या मनगटात जोर असतो कुठे!

गॅरेजात मिस्त्रीने डावं चाक सहज उतरवलं. चाकामागच्या ब्रेकच्या तबकडीला, डिस्कला, घड्याळासारखं मापयंत्र लावून ती हाताने फिरवली. काटा जागचा हलला नाही.

उजव्या चाकापाशी मात्र तो अडला. एक नट साध्या पान्याने सुटला. दुसऱ्यासाठी पान्यावर उभं राहून उड्या माराव्या लागल्या. डिस्क फिरवली तसा काटा डोलायला लागला.

"वाकडी झालीय," मिस्त्री म्हणाला.

"उतारावर ब्रेक दाबून दाबून तापवली असणार. मी म्हटलं नव्हतं?"

"तसं असतं तर डावीही तापली असती, दादा. या नटांवर कुणीतरी बेदम जोर केलाय. एक घट्ट, एक सैल. असा दाब पडला की डिस्क वेडीवाकडी होते." मिस्त्रीने हात पुसले. "पण उजवंच का? रात्री गाडी कुठं लावता?"

"घराच्या बोळात. डावी बाजू भिंतीला अगदी टेकवून, नाहीतर वाट..."

दादा मध्येच थांबला. मिस्त्रीची नजर त्याच्या उजव्या तळहाताकडे गेली. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा होता, अगदी ताजा. दादाने मूठ मिटली.

"मीच आवळले असतील," धाकटा खाली बघत म्हणाला. "घाईत."

दादाने त्याच्याकडे पाहिलं. रोज सकाळी नट आवळायच्या वेळी हा चहाचा कप घेऊन दारात उभा असायचा. एक दिवसही चुकला नव्हता.

डिस्क लेथ मशीनवर घासून सरळ करून आणायला दुपार झाली. मिस्त्रीने चाक चढवलं आणि पाना पुढे केला.

"समोरासमोरचे नट, एकसारखे. बेताच्या जोराने. पाइप नको. शेवटचे तुम्ही आवळा, दादा, म्हणजे तुमची खात्री होईल."

"त्याला द्या," दादा म्हणाला.

धाकट्याने नट आवळले. दादा तोवर दाराबाहेर जाऊन संध्याकाळी गाडी घ्यायला येणाऱ्या माणसाशी फोनवर दोन वाक्यं बोलून आला.

निघताना तो उजव्या चाकापाशी वाकला. सवयीने हात नटांकडे गेला. बोटं तिथेच थबकली. मग त्याने नटांवरची धूळ तेवढी पुसली आणि वळसा घालून डाव्या दाराने आत चढला.

धाकट्याने उजवं दार उघडलं. सीटवर लाल दोऱ्याची चावी ठेवलेली होती.