हलेल तो वाचक

माणूस हा मूलतः गतिमान प्राणी आहे. असं म्हणणाऱ्याने मावशीच्या वाचनकक्षात एकही दुपार काढलेली नसावी.

मावशी ग्रंथपाल. वरच्या समितीने तिला कळवलं होतं, की तपासणीच्या दिवशी कक्षात साठ वाचक दिसले नाहीत, तर कक्षाला कुलूप. वहीतल्या सह्यांवर समितीचा विश्वास नव्हता. यंत्राने मोजलेलं हवं होतं. म्हणून मावशीने भाच्याला वेठीला धरलं. भाचा पस्तिशीचा, संगणकवाला, टक्कल पडू लागलेला, आणि मावशीपुढे अजून चौथीतला.

"सोप्पं आहे गं," भाचा म्हणाला. "कॅमेरा वर लावायचा. प्रोग्रॅम आधी खोली पाठ करतो. भिंती, कपाटं, टेबलं, ही सगळी पार्श्वभूमी. मग प्रत्येक चित्रातून ती वजा करायची. उरेल ते हलणारं. म्हणजे माणूस."

"आणि जो हलत नाही तो?"

"मावशी, माणूस हलतोच."

पहिल्या दिवशी खोली खचाखच भरली असताना आकडा आला दोन. एक पंखा, दुसरा पडदा.

झालं होतं असं, की एखादी गोष्ट अर्धा मिनिट जागची हलली नाही, की प्रोग्रॅम तीही पार्श्वभूमीत जमा करत होता. वाचक दारातून आला की स्क्रीनवर त्याच्याभोवती झकास हिरवी चौकट. पुस्तक उघडून बसला, की चौकट गुल. जितका रमला तितक्या लवकर गेला. परीक्षेचा अभ्यास करणारे जरा तग धरत, कारण त्यांना सारखं डोकं खाजवावं लागे.

"म्हणजे तुझ्या यंत्राला वाचणारा माणूस फर्निचर वाटतो," मावशी म्हणाली. "समितीवर गेलंय अगदी."

भाच्याने मग प्रोग्रॅमला नवं काही शिकायचीच बंदी घातली. रिकाम्या खोलीचं एकच चित्र घ्यायचं आणि दिवसभर तेच वजा करायचं. पंखा नि पडदा वगळून टाकले. सकाळी दोघांनी दारात उभं राहून, खोली रिकामी असल्याची खात्री करून, चित्र घेतलं.

दुपारपर्यंत आकडा शहाण्यासारखा वागला. मग पेपर वाचत बसलेले आजोबा पाणी प्यायला उठले आणि तो एकदम दोनने वाढला. आजोबा दाराबाहेर गेले, एक कमी झाला. परत येऊन बसले, उरलेला एकही गेला. भाच्याने डोळे चोळून सकाळचं चित्र मोठं केलं. कोपऱ्यातल्या खुर्चीत, वर्तमानपत्राआड, आजोबा.

"मावशी, रिकामी म्हणालीस ना खोली?"

"रिकामीच होती."

"मग हे कोण?"

"ते होय? आजोबा आहेत," मावशी म्हणाली. "ते असतातच."

आजोबांनी पेपर खाली केला. "म्हणजे मी बसलो तर शून्य, आणि गेलो की माझी जागा मोजली जाते?"

"तसंच काहीसं, आजोबा."

"घरीही हेच सांगतात," आजोबा म्हणाले आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी आजोबांना व्हरांड्यात उभं करून चित्र पुन्हा घेतलं. दहा वाजता खिडकीतून ऊन आलं आणि यंत्राच्या लेखी फरशीवर नऊ माणसं सांडली. समिती उद्यावर आलेली. भाच्याने हात टेकले आणि पंखा-पडदा वगळून पहिलाच प्रोग्रॅम परत लावला.

"यंत्र सुधारत नाही ना? मग वाचक सुधारू," म्हणत मावशी पदर खोचून खुर्चीखुर्चीशी गेली. "दर वीस सेकंदांनी हलायचं. कसंही हला. पण हला!"

समितीचे तिघे आले तेव्हा कक्षाला जणू मुंग्या चावल्या होत्या. कोणी चष्मा काढतोय, घालतोय. कोणी मान वेळावतोय. दोघांची पुस्तकांची अदलाबदल तिसऱ्यांदा चाललेली. आजोबा पेपर झेंड्यासारखा फडकवत होते. स्क्रीनवर हिरव्या चौकटींची नुसती जत्रा. अठ्ठावन्न, एकोणसाठ... आणि धाडकन सत्तावन्न.

"बाई, हला ना!" भाचा रहस्यकथावाल्या बाईंच्या कानाशी कुजबुजला.

"थांबा हो, खुनी सापडतोय!"

त्यांच्या शेजारचा वाचकही त्याच पानात डोकावून गोठला होता.

"यात मी कुठाय?" स्क्रीनकडे बघत समितीचे अध्यक्ष म्हणाले आणि रुबाबात खुर्चीत बसले. क्षणभर चौकट आली. अध्यक्ष फोटोला बसल्यासारखे ताठ. चौकट विरली. "अरे! मी गेलो कुठे?"

"साहेब, आपण पार्श्वभूमीत गेलात," भाचा म्हणाला. "हात हलवा."

अध्यक्षांनी हात हलवला. चौकट उगवली. ते खुर्चीवरून उठून दोन्ही हात हलवू लागले. समितीच्या उरलेल्या दोघांना राहवेना, तेही शेजारी उभे राहून नाचू लागले. "दिसलो! दिसलो!" सत्तावन्न आणि तीन, साठ. मावशीने भाच्याच्या पाठीत असा धपाटा घातला की चौथीतही बसला नसेल.

कक्ष वाचला. मंजुरीच्या पत्रात, कॅमेरा कायम राहील, एवढी एकच अट होती. आकडा आता सत्तरच्या खाली येत नाही. ज्यांना वाचायचं असेल त्यांनी पुस्तक घरी न्यावं, अशी पाटी मावशीने दारावर लावली आहे.