जमादाराच्या यादीतलं एकच नाव

"चल बे मन्मथ, गणपती आले," म्हणत तात्याबा जमादारानं दुकानापुढं सायकल लावली, तेव्हा मन्मथ मिटकरी स्टोव्हच्या बर्नरमध्ये पिन घालून बसला होता.

"साहेब, औंदा तेवढी सूट द्या. परवा ईश्वरीला बघायला लिंबागणेशकडचे पाव्हणे यायलेत."

"आरं, गावात यादीवर तू एकलाच हायस. तुला सोडलं तर मी वर काय दाखवू? परवा सकाळी सोडतो. आन पिन घे संगं, चौकीतला स्टोव्ह लई धूर करायलाय."

झालं! सणाआधी गुन्हेगारांच्या यादीवरच्या माणसाला दोन दिवस चौकीत बसवायचं, हा रिवाज. आणि यादीवर मन्मथ कशानं चढला? अठ्ठावीस वर्षांपूर्वी बहिणीच्या लग्नासाठी त्यानं पंचायतीचा भोंगा मागितला, सरपंचानं दिला नाही. ह्यानं पत्र्यावर चढून काढला, लग्नात वाजवला, दुसऱ्या दिवशी पुसूनबिसून परत न्यायला गेला आणि तिथंच धरला गेला. नेलेला भोंगा गावाच्या लक्षात राहिला, परत आणलेला नाही. तेव्हापासून कुणाची कोंबडी हरवली तरी माना ह्याच्या दुकानाकडं वळायच्या. त्याच गावातून नळयोजनेचे पाइप ट्रॅक्टर भरभरून गेले, पण त्या ट्रॅक्टरच्या मालकाला गाव आजही अध्यक्षसाहेब म्हणतं. असो, आपल्याला काय करायचंय!

चौकीत मन्मथ आपल्या नेहमीच्या जागी, भिंतीला टेकून भुईवर बसला आणि स्टोव्ह खोलला. एवढ्यात बीडच्या कॉलेजातले एक प्राध्यापक छापील फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आले. 'ग्रामीण गुन्हेगारीची सामाजिक कारणे' असा त्यांचा विषय होता. तात्याबानं कौतुकानं मन्मथकडं बोट केलं. "हा घ्या. गावात हाच हाय."

"कारण काय लिहू? दारिद्र्य?"

"दोन वेळचं व्हतं की खायाला."

"वाईट संगत?"

"संगतीला आमचे मामे व्हते. देवमाणसं."

"शहरीकरण? केबल टीव्हीचा परिणाम?"

"तवा रेडिओबी एकच व्हता गावात, तोबी सरपंचाकडं."

प्राध्यापकांनी घाम पुसला. फॉर्ममध्ये एकही चौकट भरेना.

नेमकी तेव्हाच दारात पायताणं वाजली. मन्मथनं मान वर केली आणि त्याच्या हातातली पिन खाली पडली. दारात केदारनाथ शेटे! मुलाचे वडील, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी! घरी मन्मथच्या बायकोनं, महादेवीनं, त्यांना "साहेबांचा स्टोव्ह बिघडलाय म्हणून गेलेत" असं सांगून वेळ मारून नेली होती. तासभर वाट बघून पाव्हणा स्वतःच शोधत आला.

"शरणार्थ आप्पा, जरा घाईनं आलो," केदारनाथ हात जोडून म्हणाले. चौकीत ते चोरट्यासारखे इकडंतिकडं बघत होते.

आणि प्राध्यापकांनी, भल्या माणसानं, तोच मुहूर्त साधला. "बरं, तुम्ही गुन्हेगारीकडे नेमके कधी वळलात?"

तात्याबानं कपाळावर हात मारला. मन्मथला भुईत गडप व्हावंसं वाटलं. हाती स्टोव्ह होताच, एक थाप मारली असती तर निभावलंही असतं. पण तो म्हणाला, "पाव्हणे, लपवून पोरगी देणार न्हाई मी." आणि भोंग्याची सगळी हकीकत त्यानं सांगून टाकली.

केदारनाथांनी ऐकून घेतलं. "घरी इचारून कळवतो," म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

घरी विचारून कळवतो म्हणजे काय, हे मुलीच्या बापाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. मन्मथचा जीव तीळ तीळ तुटला. पोरीनं सकाळीच नव्या साडीला फॉल लावायला घेतला होता.

चौकीपुढच्या लिंबाच्या झाडापर्यंत गेलेले केदारनाथ तिथं थोडा वेळ घुटमळले आणि परत आले.

"आप्पा, मी दोन दिस आधी कावून आलो, इचारलंच न्हाई तुमी."

"कावून?"

"उद्या आमच्याकडला जमादार मला न्यायला येतोय. आमच्या गावच्या यादीवर मी एकलाच हाय." त्यांनी आवाज बारीक केला. "कोंडवाड्यातून म्हैस सोडून नेलती. माझी सोताचीच."

तात्याबा असा हसला की टोपी खाली पडली. मन्मथ हसत होता आणि डोळेही पुसत होता. प्राध्यापकांनी घाईघाईनं दुसरा फॉर्म काढला.

"फोडायची का सुपारी?" केदारनाथांनी विचारलं. "उद्यापासून मला सवड न्हाई."

तात्याबानं बटव्यातली सुपारी काढली. मग टोपी नीट घातली आणि आपली खुर्ची पुढं सरकवली.

"बसा मन्मथआप्पा. व्याही उभे आन तुमी भुईवर, बरं दिसत न्हाई."

अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मन्मथ त्या चौकीत खुर्चीवर बसला, अगदी कडेला, अंग चोरून. समोर, जिथं तो इतकी वर्षं बसायचा तिथं भिंतीवर, बसल्या माणसाच्या पाठीएवढ्या उंचीवर, एक तेलकट डाग होता. चौकीला दरवर्षी चुना लागायचा आणि डाग दरवर्षी पुन्हा वर यायचा. मन्मथ त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं स्टोव्ह पेटवला आणि व्याह्यांना चहात साखर किती लागते ते विचारलं.