पेडल कोण मारतंय?

खरं तर हे मी सांगायचं नाही. भाड्याच्या सायकलीनं गिऱ्हाइकांच्या गोष्टी बाहेर बोलू नयेत, असं दुकानातल्या बाकीच्या सायकली म्हणतात. पण आज माझं डोकं इतकं चक्रावलंय की गप्प राहवत नाही. मी दोन सीटांची सायकल बोलतेय.

मुळात माझा जन्मच गोंधळातला. धक्क्याजवळच्या सायकलवाल्या काकांनी दोन मोडक्या सायकली कापून, जोडून मला बनवलं आणि नाव ठेवलं जोडगोळी. मला हँडलं दोन, पण मागचं वळतच नाही, ते नुसतं धरायला. पेडलं मात्र साखळीनं एकमेकांना बांधलेली. पुढची फिरली की मागचीही फिरतात. त्यामुळे जोर कोण लावतंय आणि कोण नुसते पाय टेकवून बसलंय, हे बसणाऱ्यांना कळत नाही. मला कळतं. मी एक की दोन, हे मात्र मला अजून उमगलेलं नाही.

आज सकाळच्या लाँचनं एक नवराबायको आले. तो मास्तर. या बेटावरच्या शाळेत त्याला नोकरी मिळत होती आणि टेकाडावर राहणाऱ्या एका आजींचं, त्यांच्या घराला लागूनचं दुसरं घर भाड्यासाठी रिकामं होतं. आवडलं तर राहायचं, नाहीतर संध्याकाळच्या लाँचनं परत.

दिवसभरासाठी त्यांनी मला भाड्यानं घेतलं. दिवस मजेत गेला. दोघं चपला हातात घेऊन वाळूत भटकली, शहाळी प्यायली. बाजारात तिनं गवताची टोपी घातली.

"कशी दिसते?"

"बुजगावण्यासारखी."

"मग तूच घाल. वर्गातली पोरं तरी घाबरतील!" म्हणत तिनं टोपी विकत घेऊन त्याच्याच डोक्यावर ठेवली.

दुपारी घर पाहिलं. मला बाहेर उघड्या दाराशी टेकवलं होतं, म्हणून सगळं दिसलं आणि ऐकू आलं. खोल्या लहान, न्हाणीघराची कडी लागत नाही, पण ओट्यासमोरच्या खिडकीतून समुद्र दिसतो. ती त्या खिडकीशी बराच वेळ उभी होती.

"मास्तर, काय ते आजच सांगा," आजी म्हणाल्या. "उद्या दुसरं बिऱ्हाड बघायला येतंय."

"तुला कसं वाटतं?" त्यानं बायकोला विचारलं.

"तुला वाटेल तसं. नोकरी तुझी आहे."

"पण राहणार दोघं ना?"

"तुमचं ठरू दे बाबांनो, तोवर माझी भांडी घासून होतील," आजी म्हणाल्या.

भांडी घासून झाली, तरी ठरलं नाही. शेवटी तो म्हणाला, "बघू." तीही म्हणाली, "हो, बघू." आजींनी किल्ली परत खिळ्याला अडकवली.

संध्याकाळची लाँच गाठायला आम्ही निघालो, तो पुढे, ती मागे. टेकाडाचा उतार संपला आणि धक्क्याकडचा सपाट रस्ता लागला. पाहते तर काय, माझ्या एकाही पेडलावर जोर नाही! मी डुलायला लागले. एक कोंबडी आमच्या पुढे निघून गेली.

"जोर लाव ना!" तो म्हणाला.

"लावतेय! माझ्या पोटऱ्या भरून आल्यात. तूच बसलायस."

दोघंही धादांत खोटं बोलत होती. लाँच गाठायचीय म्हणतात आणि पेडल कुणीच मारत नाही, हा काय प्रकार? शेवटी मी कलंडले. दोघं माझ्यासकट वाळूत.

"खरं सांगू?" तो टोपी झटकत म्हणाला. "मी पाय नुसते ठेवले होते. म्हटलं, तुला जायची घाई आहे, तू मारशील."

"मला कुठली घाई? मला ते घर सोडवत नाहीये."

"मग बोलली का नाहीस?"

"तू गप्प होतास म्हणून!"

"आणि मी तू गप्प होतीस म्हणून!"

तेवढ्यात भोंगा देऊन लाँच सुटली. ती डोळे पुसायला लागली. हसून आलेलं पाणी की रडून, मला सांगता येणार नाही.

मी अजून वाळूत आडवी पडूनच हे सांगतेय. माणसांचं मला काही कळत नाही. एका घरात राहतात, एका ताटात जेवतात, पण 'मला हवंय' एवढं म्हणायला त्यांना आधी तोंडावर पडावं लागतं. तुमच्याही घरात कुणी असं एकमेकांसाठी गप्प बसलं असेल, तर त्यांना सरळ विचारा. मागून वाट बघत बसू नका.

"चल गं जोडगोळी, ऊठ! आजी झोपायच्या आत किल्ली मागायचीय. आणि आता पुढे मी!"

ती मला उचलतेय. माझं तोंड टेकाडाकडं वळवलंय. समोर चढ आहे, दोघांचेही पाय एकदमच पडलेत, आणि जोर कुणाचा जास्त हे मला पहिल्यांदाच कळेना—